उजव्या कानाखालचा रंग

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ६ ऑक्टोबर १९३५

चि. सौ. शिवबाईस महादेवीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज रविवार, शाळेला सुट्टी. सकाळी पाणी भरलं, कपडे धुतले. दुपारी ह्यांची पेटी उघडली. ह्यांना जाऊन परवा दोन महिने होतील. नाटक कंपनीच्या मॅनेजरांचं पत्र आलं होतं, की दाढ्यामिशा आणि टोप कंपनीचे आहेत ते परत करावेत, रंगवण्याचे ब्रश शंकरप्पांचे स्वतःचे, ते तुम्ही ठेवा. म्हणून पेटी उघडावी लागली.

ब्रश अकरा निघाले. ह्यांनी ते जुन्या धोतराच्या पट्टीत एकेक वेगळे गुंडाळून ठेवले होते. पावडरीचे तीन डबे, काजळाची डबी, डिंकाची बाटली. एक लहान पत्र्याची डबी निघाली, तिच्यात गव्हाळ रंग आहे. तो कोणत्या नटासाठी होता ते कळत नाही. कंपनीचं सामान चन्नवीरभावजी पोचवतील. ब्रशांचं काय करावं ते ठरलं नाही.

अंबू बरी आहे ना? ती दोन वर्षं इथे राहून सातवीची परीक्षा देऊन गेली, त्याला दीड वर्ष झालं. अजून तिची पाटी खिडकीत आहे. मी बरी आहे. शाळेत जाते. काळजी करू नये. मडिवाळप्पांना नमस्कार, अंबूला आशीर्वाद. पत्राची वाट पाहते.

तुझी अक्का, महादेवी

॥ श्री ॥

अक्कलकोट, ता. ११ ऑक्टोबर १९३५

ती. अक्कास शिवबाईचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्का, तू सामानाची यादी लिहिलीस, पण मधे स्वतःचं एक वाक्य नाही. आपली अव्वा म्हणायची ते खोटं नाही, की ह्या महादेवीच्या पोटातलं काढायला सांडशी लागेल.

आता एक विचारते, रागावू नको. ते ब्रश मला पाठव. अंबूला वळसंगचं स्थळ आलंय. रुद्रप्पांचा मुलगा, घरची जमीन, शिवाय अडत. माणसं चांगली, देवाधर्माची. कार्तिकातल्या सोमवारी, १८ नोव्हेंबरला बघायला येणार. असं स्थळ परत दारात येणार नाही, अंबूला आता सोळावं लागलंय.

तुला आजवर लिहिलं नाही. अंबूच्या उजव्या कानाखाली पांढरा डाग उठलाय. आधी नायटा वाटला. आता चवलीएवढा झालाय. वैद्यांनी बघितलं आणि म्हणाले की हे कोड आहे, लेप देतो पण भरवसा देत नाही. घरात आम्हा तिघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. केस पुढे घेऊन ती वेणी घालते. पण बघायला येतात त्या बायका वेणी हातात घेऊन लांबी बघतात, तुला माहीतच आहे. एक दिवस डाग झाकला गेला की झालं. एकदा अक्षता पडल्या की कोण काय म्हणणार आहे!

दाजींनी राजे-राण्या रंगवल्या, तुझ्या कानावर काहीतरी पडलंच असेल. कोणता ब्रश पावडरीला, कोणता रंगाला? मला काय कळतंय, मी आजवर चुन्याचा कुंचला तेवढा धरला. इथे बोहऱ्याच्या दुकानातून तीन स्वस्तातले आणून ठेवलेत. बोटाला लई टोचतात.

आणखी एक. तिकडे ह्या दिवाळीला काय निघालंय ते कळव. इथे मामलेदारांची सून गोल पातळ नेसून देवळात आली, झंपराच्या बाह्या ह्या एवढ्या फुगलेल्या. बायका देव सोडून बाह्याच बघत होत्या. आमचे हे म्हणाले की त्या बाहीत अर्धा शेर चुरमुरे सहज मावतील. अंबूला तसलंच हवंय. नवं कापड घेणं यंदा होणार नाही. तुझी एखादी जुनी इरकल असेल तर बघ.

तुझ्या मायेवर हक्क सांगूनच लिहिलंय.

तुझी धाकटी, शिवबाई

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १५ ऑक्टोबर १९३५

चि. सौ. शिवबाईस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुट्टीत वाचलं. नंतरच्या तासाला मी मुलींना शुद्धलेखन घातलं आणि एकच ओळ तीनदा सांगितली. मुली हसल्या तेव्हा कळलं.

उजव्या कानाखाली, असं तू लिहिलंस. आता मला सांगणं भाग आहे.

गेले त्या दिवशी ह्यांना आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून, आपल्यात बसवतात तसं भिंतीशी बसवलं होतं. मग मला समोर नेलं. कपाळावर विभूती होती. पण उजव्या गालावरही कानापासून हनुवटीच्या खालपर्यंत विभूती थापली होती. तिथे इतकी कोणी लावत नाही. माझं रडणं थांबलं. मी त्या गालाकडेच बघत राहिले. बायका म्हणत होत्या की हिला धक्का बसला, हिला रडू द्या. धक्का बसला होता, पण त्यांना वाटला तो नव्हता.

आंघोळ चन्नवीरभावजींनी घातली होती. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं. ते खाली बघून म्हणाले की वहिनी, पाणी पडल्यावर गालाचा रंग सुटून हाताला आला, खाली सगळं पांढरंफटक, लोक तर दारात उभे, विभूती हाताशी होती तीच लावली.

शिवबाई, ते कोड होतं. निदान तीन वर्षांचं असावं. कंपनी आठ महिने फिरतीवर, पावसाळ्यात हे घरी. तीन वर्षं झाली, घरी असले की पहाटे माझ्याआधी उठून नळावरून दोन घागरी आणायचे. आमच्या चाळीत पाणी भरणारा नवरा हा एकच. मला त्याचं कौतुक होतं, मी ते कोणाजवळ बोलले नाही एवढंच. आता कळतं, की अंधारात तोंड धुऊन, रंग लावून, मग माझ्यासमोर यायचं असायचं. डबीतला रंग कोणाचा ते कळत नाही असं मी तुला लिहिलं. ते खरं नव्हतं. पेटी उघडली तेव्हाच मी तो मनगटाला लावून पाहिला. तो ह्यांचा रंग आहे.

मला कोड दिसलं असतं तर मी काय केलं असतं? ताट वाढलं असतं, रोजच्यासारखं. पण ह्यांना तसा भरवसा वाटला नाही. चौदा वर्षांच्या संसारात हे मला एका मयताच्या गालावरून कळावं! अंबूच्या बाबतीत असं व्हायला नको. म्हणून ब्रश पाठवत नाही. वळसंगच्या लोकांना आधीच सांगावं, असं मला वाटतं.

झंपर मात्र शिवते. यंदा इथे मुली उंच गळ्याचे झंपर घालतात, बटणं मागे. बाह्या फुग्याच्याच. फुग्याला फार कापड लागत नाही, आतून कांजी केलेल्या मलमलीची पट्टी लावली की तो उभा राहतो. माझी जांभळी इरकल पदराकडे विरली आहे, बाकी चांगली आहे. तिचाच काढते, गळ्याला तिचाच काठ. कापडाचा खर्च नाही.

ब्रशांचं तू विचारलंस. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहू देणं मला जमत नाही, म्हणून फक्त माहितीसाठी. ह्यांच्या अकरांपैकी रोजच्या कामाला तीनच लागत. पावडरीला शेळीच्या केसांचा जाड, रंगाला चपटा मऊ, डोळ्यांना खारीच्या शेपटीचा बारीक. ब्रश विकत घेताना तळहातावर दाबून बघायचा, मग केस चिमटीत धरून ओढायचे. एक जरी हातात आला तर दुकानात परत ठेवायचा. दांडा रंगीत असला म्हणून जास्त द्यायचं नाही. बोटाला टोचतात ते डुकराच्या केसांचे, ते दाढीला डिंक लावायला, तोंडाला नव्हे.

हे पत्र वाचून फाडून टाकावं. राग मानू नये.

तुझी अक्का, महादेवी

॥ श्री ॥

अक्कलकोट, ता. २० ऑक्टोबर १९३५

ती. अक्कास शिवबाईचा नमस्कार.

पत्र वाचलं. पोर दोन वर्षं तुमच्या घरी होती. तुमच्या तांब्याने पाणी प्याली, दाजींच्या शेजारी बसून जेवली. इथून गेली तेव्हा अंगावर तीळ नव्हता. परत आली आणि डाग उठला. आता मला सगळं कळलं. तुला कळलं नव्हतं असं तू म्हणतेस. एका खोलीत राहून बायकोला नवऱ्याचा गाल दिसत नाही, हे मी कोणाला सांगू?

वर मला शिकवतेस की वळसंगला आधी सांगा. गळा उंच करून झाकला तर ती फॅशन, रंग लावून झाकला तर ते पाप. हे मास्तरणीचं गणित आम्हा चौथी पास बाईला यायचं नाही.

झंपर पाठवू नको. तुमच्या घरचं काहीच नको. बोहऱ्याकडचे ब्रश आहेत माझ्याजवळ. तेही तू बाटवून ठेवलेस. लिंग बांधणाऱ्यांच्या घरात मी चार दिवस डुकराचे केस देवळीत ठेवले होते! पण पैसे मोजलेत, टाकणार नाही. काय शुद्ध करायचं ते करून घेईन.

आमचं आम्ही बघू.

शिवबाई

॥ श्री ॥

अक्कलकोट, ता. २२ नोव्हेंबर १९३५

ती. दोडव्वा मावशीस अंबूचा शि. सा. न. वि. वि.

अव्वाने महिनाभर तुला पत्र घातलं नाही, मलाही घालू दिलं नाही. आज तिनेच कार्ड नको, पाकीट घे म्हणून सांगितलं.

सोमवारी वळसंगची माणसं येऊन गेली. आधी ब्रशांचं सांगते. रविवारी अव्वाने ते शुद्ध करायला घेतले. राख, रिठे आणि वर विभूती घालून पातेल्यात दोन तास उकळले. अप्पा दोनदा आत डोकावून म्हणाले की आमटी झाली असेल तर वाढा. डिंक सुटून केस मोकळे झाले. तिने तेच परत दांड्यात बसवून दोऱ्याने बांधले. सोमवारी सकाळी माझ्या मानेला खडूची पूड आणि गेरू तुपात कालवून त्या ब्रशाने लावलं. मी नको म्हणाले. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग मी वेणी बाजूला धरून मान पुढे केली.

माणसं बसली. चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, चहा झाला. मुलाने मला काहीच विचारलं नाही, तो खाली बशीकडे बघत होता. मग मुलाची आत्या वेणी बघायला उठली. वेणी उचलली आणि म्हणाली की अगं बाई, पोरीच्या मानेला केस चिकटलाय की. तिने चिमटीने तो काढला. एक काढला तर दुसरा दिसला. तिसऱ्याला तिचं बोट गेरूने लाल झालं. ती बोटाकडे बघत राहिली. अव्वा भिंतीला टेकली.

मी उठले, न्हाणीत गेले, मान धुतली आणि ओल्या मानेनेच परत येऊन बसले. मी म्हणाले की हे कोड आहे, दीड वर्षापासून आहे, अव्वाने माझ्या काळजीने झाकलं. एवढंच बोलले.

काल त्यांचा निरोप आला, की यंदा मुलाचं करायचं नाही असं ठरलंय. आणणारा माणूस अप्पांना म्हणाला की रुद्रप्पाण्णांचं म्हणणं हाय, डागाचं काय न्हाय, झाकल्याचं वाईट वाटलं. खरं की निमित्त, मला कळलं नाही.

दोडव्वा, आता जे लिहिते ते तुझ्यापासून लपवलं म्हणून मला माफ कर. अव्वा म्हणते की डाग इथे आल्यावर उठला. तसं नाही. तिथेच, परीक्षेच्या आधी उठला होता, तेव्हा कंपनीचा मुक्काम सोलापुरातच होता. पहिल्यांदा दोडप्पांनीच बघितला. मी पहाटे पाठांतराला उठले होते, ते नळावरून आले, कंदील माझ्या मानेजवळ धरला आणि खाली बसले. त्यांचं तोंड नुकतं धुतलेलं होतं. मी त्यांचा गाल बघितला. त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं, तुला सांगितलं की पाटी घ्यायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले की हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, मग दोडप्पांचा जीव भांड्यात पडला. हे सगळं मी अव्वाला काल सांगितलं. ती रात्री जेवली नाही.

मी दोडप्पांना विचारलं होतं, की दोडव्वाला का सांगत नाही. ते म्हणाले की तुझी दोडव्वा ओरडणारी असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ती काही बोलणार नाही, ताट वाढेल. मग तिच्या मनात काय आहे हे मला मरेपर्यंत कळणार नाही. त्यापेक्षा रंग बरा.

मला अव्वा-अप्पांनी परवानगी दिली आहे. मी तुझ्याकडे राहून मास्तरणीच्या परीक्षेला बसू का? नको असेल तर तसं लिही, पण लिही.

तुझी अंबू

अक्का, खाली जागा उरली म्हणून मी दोन ओळी लिहिते. माझी जीभ कुठे ठेवावी मला कळत नाही. झंपर शिवलाच असशील, तू ऐकणारी नाहीस. पोरीसाठी राहू दे. बाह्या फुग्याच्या असू देत, अर्धा शेर नको, पावशेर चुरमुरे मावतील एवढ्या. – शिवबाई

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १ डिसेंबर १९३५

चि. सौ. शिवबाईस आणि चि. अंबूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज रविवार. उत्तराला उशीर झाला. चार दिवस रोज कागद घेतला आणि रोज तारीख लिहून ठेवून दिला.

अंबूने यावं. पौषात गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा चाळीत पाहुण्यांची गर्दी होते, त्याआधी यावं. झंपर शिवून तयार आहे. शिवबाई, मी तो तुझं पत्र यायच्या आधीच कापला होता. पावशेर मावतील.

अंबूचं पत्र वाचल्यावर मला बसायला सुचलं नाही. माझ्याच घरात, कंदिलाच्या उजेडात, दोघं बोलले आणि मी आत निजले होते. ह्यांचं म्हणणं वाचून आधी राग आला. मग मी तुला पूर्वी लिहिलं होतं ते आठवलं, की मी ताट वाढलं असतं. ह्यांनी तेच म्हटलं होतं. मला तो माझा चांगुलपणा वाटत होता.

मग मी ठरवलं की एकदा तरी कोणाला तोंडाने सांगायचं. आज सकाळी नळावर शेजारच्या सारजाबाई होत्या. त्यांना तुम्ही ओळखता, गिरणीत जातात, अंबूला शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. मी घागर लावली आणि म्हणाले की सारजाबाई, ह्यांना कोड होतं. माझा आवाज मोठा निघाला असावा, पलीकडच्या दोघींनी वळून बघितलं. सारजाबाई घागर घासत होत्या. त्या म्हणाल्या की व्हय की बाई, तीन वरीस झाली की. हितंच तर तोंड धुवायचे पहाटं. आमी म्हनायचो, लई गुणाचा मानूस, बायकूचं पानी भरतोय.

मी विचारलं की मग मला कोणी का नाही सांगितलं. त्या घासायच्या थांबल्या. म्हणाल्या की तुमाला कुटं ठावं न्हवतं? आमाला वाटलं, तुमाला ठावं हाय पन तुमी बोलत न्हाय. तुमी कशालाच बोलत न्हाय की. पलीकडची म्हणाली की चाळीत सगळ्यांनाच माहीत होतं, त्यात काय.

शिवबाई, त्या दिवशी विभूतीआड जे झाकलं होतं ते समोर बसलेल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं. झाकलं ते फक्त माझ्यापासून, आणि ते मी काहीच विचारत नव्हते म्हणून. माझी घागर भरून वाहायला लागली होती, ती सारजाबाईंनी सरकवली. घरी आल्यावर मी मोठ्याने रडले. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

अंबू, तू आलीस की तुला जे सलत असेल ते मला विचार, आणि मी उत्तर दिलं नाही तर परत विचार. मी शिकेन. मान झाकायची की नाही ते तुझं तू ठरव. झाकावीशी वाटली तर ब्रश आहेत, उकळू मात्र नये. थंड पाण्यात, साबणाचा थोडा फेस करून, केस खाली धरून धुवायचे.

मडिवाळप्पांना नमस्कार. शिवबाई, तुझ्या रागाच्या पत्रात तू शि. सा. लिहिलं नव्हतंस, ते पुढच्या पत्रात दोनदा लिहून भरून काढावं. माझी माया होती तशीच आहे, आता बोलूनही दाखवीन.

तुझी अक्का, महादेवी

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी ब्रश धुवायला नळावर नेले. दिवसा. तिथे कोणी नव्हतं. अकराही धुतले, त्या लहान डबीतल्या रंगाचा जो होता तो शेवटी. पाणी थोडा वेळ गव्हाळ आलं, मग स्वच्छ आलं. ओळीने कट्ट्यावर वाळत घातले आहेत. ऊन सरकतं तसे मीही ते सरकवत बसले आहे.